सावलीचा पेला

माझा थोरला भाऊ बोटीवर होता. वर्षातले नऊ-दहा महिने समुद्रावर आणि उरलेले दिवस वसईच्या घरी, असे त्याचे आयुष्य गेले. घरी असला की तो पीत असे, आणि प्यायला की दूरदूरच्या बंदरांच्या गोष्टी सांगत असे. त्यांपैकी एक गोष्ट तो पुन्हा पुन्हा सांगे. इटलीत पाण्यावर वसलेले एक शहर आहे. तिथे द्राक्षारसाच्या लहान पेल्याला ‘सावली’ म्हणतात. माणसे एका दुकानात उभ्याउभ्या एक सावली घेतात, दोन घास खातात आणि पुढच्या दुकानात जातात. तिथे कोणी बसत नाही आणि कोणी पडतही नाही. ऐकणारे हसत. “दादा, तुझी सावली बघ, भिंत धरून चालायला लागली,” असे कोणीतरी म्हणे आणि पुन्हा हशा होई.

मीही त्या हसणाऱ्यांत होतो. पुढे हसणेही सोडले. १९८९ साली माझ्या मुलीच्या पहिल्या कम्युनियनचा सोहळा होता. अंगणात मांडव घातलेला, फादर जेवायला आलेले, शाळेतले माझे सहकारी पंक्तीला बसलेले. दादा पेला घेऊन फादरांसमोर उभा राहिला आणि सावलीची गोष्ट सांगू लागला. जीभ जड झाली होती. मी त्याचा दंड धरला आणि सर्वांदेखत म्हणालो, “पुरे झाल्या तुझ्या थापा. आत जाऊन झोप.” तो भांडला नाही. हातातला पेला त्याने मेजावर पालथा घातला, फादरांना नमस्कार केला आणि मागच्या दाराने निघून गेला. १९९४ साली यकृताच्या विकाराने तो वारला. मधल्या पाच वर्षांत आम्ही रोज बोलत होतो. पावसाविषयी, केळीच्या घडांविषयी, आईच्या औषधांविषयी. त्या दुपारविषयी मात्र दोघांपैकी कोणीही कधी अवाक्षर काढले नाही.

त्याला मूठमाती दिली त्या संध्याकाळपासून मी दारूला स्पर्श केला नाही. लोकांना तो माझा निग्रह वाटला. तो निग्रह होता, प्रायश्चित्त होते की दादापेक्षा आपण वेगळे आहोत हे दाखवण्याचा अहंकार होता, हे मला आजही नीटसे सांगता येणार नाही.

हे सारे आठवण्याचे कारण असे. माझा मुलगा मिलान शहरात नोकरी करतो. सुनेच्या बाळंतपणासाठी २०२४ सालच्या ऑक्टोबरात आम्ही दोघे तिकडे गेलो होतो. घरात माझा उपयोग फारसा नव्हता. एके रात्री बोलता बोलता मी मुलाला दादाची ती गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “बाबा, थाप कसली? ते व्हेनिस. तिथे लहान पेल्याला ‘ओंब्रा’ म्हणतात. ओंब्रा म्हणजे सावलीच.” मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी त्याने एका कागदावर आठ-दहा दुकानांची नावे आणि रस्त्यांच्या खुणा लिहून दिल्या. वाटाड्या नको, गट नको, आपला कागद आणि आपले पाय. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “बार हिंडायला इटली कशाला हवी? आपल्या नाक्यावर तीन आहेत.”

तीस तारखेला संध्याकाळी मी व्हेनिसला उतरलो. धर्मभगिनींच्या एका अतिथिगृहात खोली मिळाली होती. सकाळी मिस्सा झाल्यावर मी प्रथम संत मार्कच्या चौकात गेलो, कारण सावलीचा उगम तिथे आहे असे सांगतात. चौकातला विटांचा उंच घंटा-मनोरा सुमारे ९९ मीटरचा आहे. पूर्वी द्राक्षारस विकणारे त्याच्या पायथ्याशी गाडे लावत आणि उन्हाने माल तापू नये म्हणून सावली सरकेल तसतसे तेही गाडे सरकवत. म्हणून ‘सावलीत जाऊन येऊ’ याचा अर्थ ‘एक पेला घेऊन येऊ’ असा झाला. ही कथा किती खरी आणि किती रचलेली, यावर विद्वानांनी वाद घालावा. मला त्या सकाळी मनोऱ्याची लांब सावली चौकाच्या फरशीवर तिरपी पडलेली दिसली आणि मी तिच्या कडेकडेने चालत गेलो. एक गोष्ट मात्र मला पूर्वी ठाऊक नव्हती. हा मनोरा जुना नव्हे. जुना मनोरा १४ जुलै १९०२ रोजी सकाळी कोसळला. माणूस एकही दगावला नाही. रखवालदाराची मांजर तेवढी गेली, असे सांगतात. जिथे होता तिथेच आणि जसा होता तसाच पुन्हा बांधायचा असे नगरसभेने ठरवले आणि १९१२ साली संत मार्कच्या सणाच्या दिवशी, २५ एप्रिलला, नवा मनोरा खुला झाला. म्हणजे आज पडते ती सावली जुन्या सावलीच्या जागी पडणारी नवी सावली आहे.

तिथून गल्ल्यांतून वाट चुकत चुकत रियाल्तोला पोहोचलो. व्हेनिसमध्ये वाट चुकणे अपरिहार्य आहे. नकाशा तुम्हाला गल्ली दाखवतो आणि गल्ली तुम्हाला पाण्यात नेऊन सोडते. रियाल्तोच्या पुलापलीकडे बाजार आहे आणि बाजारात संत याकोबाचे एक छोटेसे देऊळ आहे. व्हेनिसमधले सर्वांत जुने असा त्याचा लौकिक आहे. देवळाच्या मागच्या भिंतीवर शतकांपूर्वीचा लॅटिन लेख कोरलेला आहे: या मंदिराभोवती व्यापाऱ्याचा व्यवहार न्यायाचा असो, त्याची वजने खरी असोत, त्याच्या करारात कपट नसो, अशा आशयाचा. आमच्या बाजारातल्या तराजूंचा अनुभव असणाऱ्या माणसाला तो वाचून गंमत वाटते आणि थोडा हेवाही वाटतो.

पुढे मासळीबाजार. कमानींची इमारत १९०७ सालची. पण तिथे मासळी विकली जाते ती शतकानुशतके. कोळंबी, माकूल, शिंपल्या, रुपेरी तारल्या, आणि पाण्यात वळवळणारे लहान खेकडे. भिंतीवर संगमरवराची एक पाटी आहे. कोणता मासा किमान किती सेंटिमीटर लांब असल्याशिवाय विकू नये, हे त्यावर एकेका माशाच्या नावापुढे कोरलेले आहे. मी त्या पाटीसमोर बराच वेळ उभा राहिलो. पाचूबंदर आणि अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर करंगळीएवढी पापलेटे टोपलीत पाहिलेल्या माणसाने उभे राहावे अशीच ती पाटी आहे.

या बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत ही दुकाने सुरू होतात. त्यांना ‘बाकारो’ म्हणतात. काही जण या शब्दाचा संबंध बाक्कुस या रोमन मद्यदेवाशी जोडतात, काही जण तो दुसरीकडून आला असे मानतात. आपल्याकडच्या परमिट रूमचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून आत गेलात तर फसाल. काळ्या काचा नाहीत, पडदे नाहीत, मंद लाल दिवा नाही. दरवाजा सताड उघडा. आत एक लांब काउंटर आणि त्याच्यावर काचेखाली मांडलेले छोटे छोटे खाद्यपदार्थ. पावाच्या कापेवर काहीतरी ठेवलेले, काडीला टोचलेले, तळलेले, मुरवलेले. त्यांना ‘चिकेत्ती’ म्हणतात. एक किंवा दोन घासांत संपेल एवढा एकेक. भाजीची पिशवी घेतलेल्या गृहिणी, हातगाडी दाराशी लावून आलेला हमाल, कोट घातलेला वकिलासारखा दिसणारा गृहस्थ, दोन म्हाताऱ्या, हे सगळे सकाळी साडेदहा वाजता खांद्याला खांदा लावून उभे. कोणी दहा मिनिटांहून अधिक थांबत नव्हते.

मला आमच्याकडचा ‘चकणा’ आठवला आणि लगेच फरकही जाणवला. चकणा हा दारूचा चाकर आहे. खारे शेंगदाणे आणि तिखट चणे घशाला कोरड पाडण्यासाठी असतात. पुढचा पेला मागवला जावा हेच त्यांचे काम. इथे उलटे दिसले. माणसे काचेखाली वाकून आधी खाण्याची निवड करत होती, काय ताजे आहे ते विचारत होती, आणि पेला त्या घासाबरोबर येत होता. जेमतेम तीन घोट मावतील एवढाच.

माझ्या कागदावरचे पहिले नाव ‘कांतिना दो मोरी’. १४६२ सालापासून हे दुकान आहे, अशी त्याची ख्याती. आत अंधूक उजेड आणि छताला तांब्याची असंख्य भांडी टांगलेली. आमच्या आजीच्या घरातली तांब्याची भांडी कोणीतरी उलटी करून आढ्याला बांधली आहेत असे वाटावे. मी पाणी मागितले. काउंटरमागच्या माणसाने भुवया किंचित उचलल्या आणि पाणी दिले. खायला काय, असे त्याने हाताने विचारले. मी बोट दाखवले ती पावाची अगदी चिमुकली चौकोनी जोडी होती, मध्ये कसलेसे सारण. तिला काय म्हणतात असे मी विचारले. तो म्हणाला, “फ्रांकोबोल्लो.” शेजारच्या माणसाने मला कळेल अशा इंग्रजीत सांगितले, “पोस्टाचे तिकीट.”

वाचकहो, मी त्या दुकानात तो घास हातात धरून तसाच उभा राहिलो. त्याचे कारण सांगतो. १९७४ साली दादाची बोट व्हेनिसच्या पलीकडे, मुख्य भूमीवरच्या मार्गेरा बंदरात लागली होती. तिथून त्याने मला पत्र पाठवले. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि तिकिटे जमवण्याचा मला नाद होता. डोक्यावर बुरुजांचा मुकुट घातलेल्या स्त्रीचे मुखचित्र असलेले इटलीचे ते तिकीट मी वाफेवर धरून अलगद काढले आणि वहीत चिकटवले. वही आजही माझ्या कपाटात आहे. पत्र मात्र मी ठेवले नाही. त्यात काय होते तेही आठवत नाही. ‘इथे पाण्यात गाव आहे’ एवढे एक वाक्य आठवते. तेही पत्रातले की पुढे त्याच्या तोंडून ऐकलेले, याची खात्री नाही. तिकीट जपले आणि पत्र टाकले, अशी माझी जमवाजमव.

त्या दिवशी मी सहा दुकाने पालथी घातली. प्रत्येकाचे वर्णन करत नाही. अर्धे उकडलेले अंडे आणि त्यावर खारवलेली मासळी. लिंबू-तेलातले लहान ऑक्टोपस. माकुलाच्या शाईत शिजवलेले काळे कालवण आणि त्यासोबत मक्याच्या पिठाची घट्ट पांढरी पेज. मांसाचे तळलेले गोळे. बाहेर सगळे प्रवासी हातात धरून हिंडत होते ते नारिंगी रंगाचे पेय म्हणजे ‘स्प्रिट्झ’. १८६६ पर्यंत इथे ऑस्ट्रियाची सत्ता होती. त्यांच्या शिपायांना इथला द्राक्षारस कडक वाटे म्हणून ते त्यात पाणी शिंपडून घेत. त्यातून हे नाव आले, असे सांगतात. रंग पाहून मला लहानपणच्या औषधाच्या बाटलीची आठवण झाली. त्याच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे माझ्यापाशी काही नाही.

दोन पदार्थांविषयी मात्र लिहिलेच पाहिजे. एक ‘सार्दे इन साओर’. तळलेल्या तारल्या, त्यावर मंद आचेवर मऊ केलेला भरपूर कांदा, शिरका, आणि मनुका व चिलगोजे. हे सगळे थरांनी रचून एक-दोन दिवस मुरू द्यायचे. दर्यावर्दी लोकांनी मासळी टिकवण्यासाठी शोधलेली ही युक्ती. आंबट, गोड आणि मासळीचा वास, तिन्ही एकदम जिभेवर येतात. जुलैच्या तिसऱ्या रविवारी व्हेनिसमध्ये ‘तारणाऱ्याचा’ सण असतो. १५७५ ते १५७७ या काळात शहरात प्लेगने थैमान घातले होते. ते संपावे म्हणून नगराने नवस केला आणि मंदिर उभारले. आजही त्या सणाला होड्यांचा पूल बांधून लोक पलीकडच्या तीरावरच्या त्या मंदिराकडे जातात आणि आदल्या रात्री नावांमध्ये बसून याच तारल्या खातात. नवसाच्या सणाला अमुकच पदार्थ झाला पाहिजे, हे आम्हा वसईकरांना कोणी समजावून सांगायला नको.

दुसरा पदार्थ ‘बाकाला मान्तेकातो’. पावावर लोण्यासारखा पांढराशुभ्र गोळा. तोंडात घातला आणि माझे डोळे मिटले. तो सुका मासा होता! कितीही घोटला, कितीही तेल घातले, तरी सुकवलेल्या मासळीची ती खोल चव लपत नाही. उत्तरेच्या समुद्रातला कॉड मासा नॉर्वेच्या लोफोतेन बेटांवर मीठ न लावता, लाकडी मांडवांवर टांगून थंड वाऱ्यात सुकवतात. त्याचे हे रूप. आमच्याकडे बांबूंच्या मांडवांवर बोंबील टांगतात, अगदी तसेच. वारा निराळा, मासा निराळा, करणारा हात तोच.

हा मासा व्हेनिसला कसा आला याची हकिकत रोमहर्षक आहे. पिएत्रो क्वेरिनी नावाचा व्हेनिसचा सरदार व्यापारी १४३१ सालच्या एप्रिलमध्ये क्रीट बेटावरून द्राक्षारसाची पिंपे भरून फ्लँडर्सकडे निघाला. वादळात जहाज भरकटत उत्तरेला गेले आणि ते सोडून द्यावे लागले. अडुसष्ट माणसांपैकी अकरा वाचली. १४३२ च्या जानेवारीत ती लोफोतेनच्या टोकाशी एका निर्जन, बर्फाळ बेटावर लागली होती. जवळच्या रोस्त बेटावरच्या कोळ्यांनी त्यांना पाहिले, घरी नेले आणि वसंत ऋतू येईपर्यंत सांभाळले. क्वेरिनीने लिहून ठेवले आहे की ही माणसे साधी, निष्कपट आणि भाविक कॅथलिक होती आणि त्यांच्या घरांना कडी-कुलूप नव्हते. त्यांचा वाऱ्यावर सुकवलेला मासा कसा लाकडासारखा टणक होतो आणि कुटून, मसाला घालून कसा खातात, हेही त्याने नोंदवले. व्हेनिसची माणसे आपला बाकाला त्याच्यापासून मोजतात. पुढे शुक्रवार आणि उपवासकाळात मांस वर्ज्य असलेल्या सबंध कॅथलिक युरोपला या सुक्या मासळीने तारले. द्राक्षारस घेऊन निघालेला माणूस सुका मासा घेऊन घरी परतला. आणि आज ते दोन्ही एकाच काउंटरवर शेजारी शेजारी ठेवलेले असतात.

दुपारी बाजाराच्या काठावरून गोंडोलाच्या उतारूनावेने मोठा कालवा ओलांडला. दोन युरोत दोन मिनिटे. पलीकडच्या कान्नारेज्जो भागात एका दुकानाच्या मागच्या दाराशी, गल्लीत, एप्रन घातलेला एक सावळा माणूस पायरीवर बसला होता. माझ्याकडे पाहून हिंदीत म्हणाला, “इंडिया?” मी म्हणालो, “बंबई के पास.” तो चितगावकडचा होता, मुसलमान. या शहरात आणि पलीकडच्या मेस्त्रेत बांगलादेशी माणसे मोठ्या संख्येने आहेत. कितीतरी स्वयंपाकघरे त्यांच्याच हातांवर चालतात. बाकाला घोटणे हे त्याचे काम. आधी मासा दिवसचे दिवस पाण्यात भिजवायचा, पाणी बदलत राहायचे, मग उकडायचा, काटे काढायचे आणि तेलाची बारीक धार धरून लाकडी चमच्याने घोटत राहायचा. कधी जमला ते आवाजावरून कळते, असे तो म्हणाला. मी म्हणालो, आमच्याकडे बोंबील सुकवतात. बोंबील त्याला कळेना. मी हवेत बोटाने आकार काढून दाखवला, तोंड वासून दाखवले. तो उडालाच. “लोइट्या! लोइट्या शुटकी!” मग आम्ही दोन म्हातारे, हो, तोही पन्नाशीचा असेल, व्हेनिसच्या गल्लीत उभे राहून सुक्या बोंबलाच्या वासाविषयी आणि त्या वासावरून नाके मुरडणाऱ्या शेजाऱ्यांविषयी पोटभर हसलो. निघताना त्याने विचारले, “आप पीते हैं?” मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, “मैं भी नहीं. दस साल से बोतलें उठा रहा हूँ.” आणि पुन्हा आत गेला.

हे चित्र फार गोड होऊ नये म्हणून आणखी एक पाहिलेले लिहितो. एका दुकानात (त्याचे नाव नको) एक वृद्ध गृहस्थ काउंटरच्या कोपऱ्याशी उभे होते. मी तिथे होतो तेवढ्यात त्यांनी तीन सावल्या घेतल्या. खाल्ले काही नाही. पहिला पेला उचलताना हात थरथरत होता, तिसरा उचलताना नव्हता. ती थरथर मी ओळखतो. चौथ्या वेळी दुकानदाराने पेल्यात पाणी ओतले आणि समोर ठेवले. वृद्धाने त्याच्याकडे पाहिले, दुकानदाराने फडक्याने काउंटर पुसायला घेतले. कोणी काही बोलले नाही. त्यांनी पाणी प्यायले, टोपी घातली आणि गेले.

म्हणजे दादाचे अर्धेच खरे होते. इथेही माणसे पडतात. पण पडणाऱ्याला पाहणारे कोणीतरी दिवसाउजेडी समोर असते. मी जन्मलो तेव्हा मुंबई राज्यात दारूबंदी होती. बंदी झाली म्हणजे दारू गेली नाही, अंधारात गेली. केळीच्या बागांत, बावखलांच्या काठी भट्ट्या लागत. पुरुष रात्री काठाकाठाने जात आणि काठाकाठाने परत येत. प्यायचे ते लपून, म्हणून घाईने; घाईने, म्हणून फार. पुढे कायदा सैल झाला, परवाने आले, तरी ती सवय अंगातून गेली नाही. आमच्या पिढीने पेला पाहिला तो नेहमी अंधारात. दादाने पंचवीस-तीस वर्षांच्या वयात तो प्रथमच सावलीत पाहिला असला पाहिजे. म्हणूनच तो ते शब्द पुन्हा पुन्हा सांगत होता. मला ते थापेसारखे वाटले, कारण सावली आणि अंधार यांतला फरक मला ठाऊक नव्हता. बंदी उठवावी की ठेवावी, या वादात मला इथे पडायचे नाही. माझ्या भावाला दारूने मारले, हे मी विसरलेलो नाही.

१ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण. मिस्सेला गेलो तर मोठ्या थोरल्या देवळात पन्नास-साठ माणसे, बहुतेक वृद्ध. जुन्या शहराची वस्ती १९५१ साली पावणेदोन लाखांच्या घरात होती. २०२२ मध्ये ती पन्नास हजारांच्या खाली आली. घरे प्रवाशांना भाड्याने जातात आणि घरवाले मुख्य भूमीवर राहायला जातात. चौकातली लोहाराची, शिंप्याची दुकाने मुखवटे विकू लागली आहेत. बाकारो टिकून आहेत ते आमच्यासारख्या कागद हाती घेऊन येणाऱ्यांमुळे, आणि त्यांच्यात मूळच्या माणसांना उभे राहायला जागा उरत नाही तीही आमच्यामुळेच. बावखले बुजलेल्या आणि कॅनडाला गेलेल्यांच्या घरांना कुलपे लागलेल्या गावातून मी आलो होतो. उपदेश करण्याचा अधिकार मला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मृतांचा दिवस. वसईत त्या दिवशी आम्ही कबरींवर झेंडूची फुले आणि मेणबत्त्या घेऊन जातो. इथे लोक शेवंतीचे गुच्छ घेऊन बोटीने सान मिकेले बेटावर जातात. व्हेनिसचे कबरस्तान म्हणजे विटांच्या भिंतींमधले ते अख्खे बेट. मिठाईच्या दुकानांत पांढऱ्या, गुलाबी आणि तपकिरी रंगाच्या बदामाच्या लहान गोळ्या मांडलेल्या होत्या, ‘मृतांचे पावटे’ या नावाच्या. त्यांचा एक पुडा घेतला आणि मीही बोटीत बसलो. माझे तिथे कोणी नव्हते. फुले नसलेल्या एका कबरीपाशी उभे राहून दादासाठी रोझरीचे एक रहस्य म्हटले. त्या कबरीत निजलेल्या अनोळखी माणसाने ते दादाकडे पोहोचते करावे अशी विनंती केली.

संध्याकाळी कागदावरचे शेवटचे नाव उरले होते. दोर्सोदुरो भागात सान त्रोवासोच्या देवळाजवळ, अरुंद कालव्याच्या काठी. त्रोवासो नावाचा संत मी कधी ऐकला नव्हता. चौकशी केली तेव्हा कळले की तसा संत नाहीच. गेर्वासियुस आणि प्रोतासियुस हे मिलानचे दोन हुतात्मे, परंपरेप्रमाणे जुळे भाऊ. व्हेनिसच्या बोलीने दोघांची नावे घोटून घोटून एकच नाव केले. देवळाला दोन दर्शनी बाजू आणि दोन दरवाजे आहेत. शहरात कास्तेल्लानी आणि निकोलोत्ती असे दोन हाडवैरी तट होते. एका तटाने एका दाराने यायचे, दुसऱ्याने दुसऱ्या, अशी रीत होती म्हणतात. मी कालव्याच्या बाजूने आत गेलो, थोडा वेळ बसलो आणि चौकाच्या बाजूने बाहेर आलो.

दुकान जवळच होते. भिंतभर बाटल्या, काउंटरवर पावाच्या कापांच्या रांगा. एकीवर माशाच्या लगद्यावर चक्क कोकोची पूड भुरभुरलेली. समोर, कालव्यापलीकडे, गोंडोला बांधायचा आणि दुरुस्त करायचा लाकडी कारखाना, आणि उताणी टाकलेली एक काळी नाव. गर्दी दाराबाहेर काठावर सांडली होती. मी आत शिरलो आणि तीन दिवस न उच्चारलेला शब्द उच्चारला. “एक ओंब्रा.”

काउंटरमागच्या माणसाने पेला उचलला. “ब्यांको? रोस्सो?”

पांढरी की लाल? साधा प्रश्न. दादाने ही गोष्ट मला शंभरदा सांगितली असेल. पांढरी की लाल, हे तो सांगत होता की नाही? की सांगत होता आणि मी ऐकले नव्हते? की ते त्या पत्रात होते? मी उभाच राहिलो. मागे लोक खोळंबले. शेवटी मी मराठीतच म्हणालो, “तुम्ही द्याल ती.” त्याला काय कळले कोण जाणे, त्याने पांढरी ओतली.

बाहेर येऊन काठाच्या भिंतीशी उभा राहिलो. देवळातली घंटा झाली. तीन घोट होते. संपल्यावर लोक पेले तिथेच भिंतीवर ठेवून जात होते. मी मात्र गर्दीतून वाट काढत पुन्हा आत गेलो आणि रिकामा पेला काउंटरवर सरळ उभा ठेवला.